संशयाविना विषय : वाङ्मयीन संशोधनाच्या आराखड्याची चिकित्सा

मराठीच्या पदव्युत्तर विभागांतून सादर होणारा संशोधनाचा आराखडा हा आता एक स्वतंत्र लेखनप्रकार झाला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. त्याला निश्चित घाट आहे, ठरलेली परिभाषा आहे आणि एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे चालत आलेले संकेतही आहेत. शीर्षकात एखाद्या लेखकाचे किंवा वाङ्मयप्रकाराचे नाव येते, त्यापुढे अपूर्णविराम आणि अपूर्णविरामानंतर 'एक अभ्यास', 'एक चिकित्सक अभ्यास' किंवा 'एक आकलन'. आत विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती व मर्यादा, संशोधनपद्धती, प्रकरणयोजना आणि संदर्भसूची अशी वाटचाल असते. प्रकरणे बहुधा पाच : लेखकाचे जीवन व व्यक्तिमत्त्व, वाङ्मयप्रकाराची तात्त्विक चर्चा, आशय, अभिव्यक्ती, समारोप. या घाटात केवळ नाव बदलून कोणताही लेखक बसविता येतो, ही या प्रकाराची सोय आहे आणि हाच त्याचा दोषही आहे.

या घाटाची चिकित्सा आज विशेष निकडीची झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवी बंद केली. पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. यांच्यामधला उमेदवारीचा काळ, ज्यात लघुप्रबंधाच्या निमित्ताने चुकत माकत शिकता येत असे, तो त्यामुळे नाहीसा झाला. दुसरीकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संशोधन एम.ए.च्या वर्गात आले. राज्यात २०२३ मध्ये ठरविण्यात आलेल्या श्रेयांकांच्या मांडणीत पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीला ४ आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन सत्रांत संशोधनप्रकल्पाला अनुक्रमे ४ व ६ श्रेयांक आहेत. म्हणजे जो आराखडा पूर्वी पंचविशीतला, काही वर्षे वाचन केलेला अभ्यासक लिहीत असे, तो आता एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, काही आठवड्यांत लिहावयाचा आहे. वय आणि अवधी दोन्ही खाली आले. घाट मात्र पीएच.डी.चाच राहिला. प्रबंधाचा आराखडा आखूड करून प्रकल्पाचा आराखडा तयार करावयाचा, असा एक सोपा मार्ग त्यातून निघाला आहे. मात्र कापडच मुळात विरलेले असेल, तर ते आखूड केल्याने भरीव होत नाही.

या आराखड्यात नेमके काय उणे आहे, हे सांगण्यासाठी परदेशी संशोधन-पुस्तिकांकडे जाण्याचे कारण नाही. शास्त्रचर्चा कशी मांडावी याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी आणि फार काटेकोरपणे झालेला आहे. मीमांसकांनी आपल्या विवेचनाचा घटक म्हणून 'अधिकरण' मानले आणि त्याची पाच अंगे सांगितली. त्यांतले पहिले अंग विषय, दुसरे विशय म्हणजे संशय, तिसरे पूर्वपक्ष, चौथे उत्तरपक्ष. पाचव्या अंगाच्या नावाविषयी, ते संगती की निर्णय, याविषयी परंपरेत भेद आहेत. 'विषय' आणि 'विशय' हे दोन शब्द कानाला जवळजवळ एकच वाटतात. मीमांसकांनी मात्र त्यांत स्पष्ट अंतर राखले : ज्याविषयी बोलावयाचे ते वेगळे आणि त्याविषयी जे अनिश्चित आहे ते वेगळे. नैयायिकांनीही आपल्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग संशयाला स्थान दिले. वात्स्यायनाने न्यायभाष्यात याचे कारण दिले आहे : जे अजिबात ज्ञात नाही त्याविषयी न्याय प्रवृत्त होत नाही, आणि जे निश्चित झाले आहे त्याविषयीही होत नाही, तो संदिग्ध अर्थाविषयी प्रवृत्त होतो.

मराठीतील रूढ आराखडा या कसोटीवर तपासला, तर पहिले अंग भरपूर आणि दुसरे अंग रिकामे आढळते. 'अमुक कवीची कविता' हा विषय झाला. त्या कवितेविषयी कोणती गोष्ट आज अनिर्णित आहे, कोणत्या दोन वाचनांचा मेळ बसत नाही, कोणत्या प्रस्थापित मताला संहितेतला कोणता भाग दाद देत नाही, याचा उल्लेख आराखड्यात नसतो. संशय नाही म्हणून पूर्वपक्ष नाही. पूर्वपक्ष नाही म्हणून 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या मथळ्याखाली केवळ ग्रंथांची आणि ग्रंथकारांची नामावळी येते. त्या नामावळीतल्या कोणाशीही अभ्यासकाचे भांडण नसते. सर्वांना वंदन करून तो पुढे जातो.

या रिकामेपणाची सर्वांत लक्षणीय खूण 'गृहीतके' या सदरात सापडते. सामाजिक शास्त्रांच्या संशोधनपद्धतीतून हे सदर वाङ्मयाभ्यासात आले आणि येताना त्याचे नाव फार अर्थपूर्ण रीतीने बदलले. ज्या विधानाची परीक्षा करावयाची आहे, जे खरे किंवा खोटे ठरू शकते, अशा तात्पुरत्या विधानाला तर्कशास्त्राच्या मराठी लेखनात 'अभ्युपगम' किंवा 'सिद्धांतकल्पना' म्हणतात. 'गृहीतक' म्हणजे जे आधीच धरून चालायचे ते, म्हणजे ज्याची परीक्षा होणार नाही असे विधान. वाङ्मयीन आराखड्यांनी दुसरा शब्द उचलला आणि, हे मान्य केले पाहिजे, त्याचा अर्थ इमानाने पाळला. 'दलित आत्मकथनांतून समाजवास्तवाचे चित्रण आढळते', 'ग्रामीण कादंबरीत बोलीचा प्रभावी वापर झाला आहे', 'संतसाहित्यातून नैतिक मूल्यांचा पुरस्कार केलेला आहे' अशी विधाने तेथे असतात. त्यांपैकी एकही विधान खोटे ठरण्याची शक्यता नाही. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात हीच विधाने क्रियापदाचा काळ बदलून 'निष्कर्ष' म्हणून परत येतात. मधली दोनशे पाने ही दोन काळांमधले अंतर असते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. वाङ्मयाचा अभ्यास हा प्रयोगशाळेतला अभ्यास नव्हे. कार्ल पॉपरने १९३४ मध्ये वैज्ञानिक विधानांसाठी मांडलेली खोटे ठरू शकण्याची कसोटी कवितेच्या अर्थाला कशी लावावयाची? अर्थनिर्णयात वाचकाचे पूर्वाकलन असतेच. गादामरने 'सत्य आणि पद्धती' या १९६० च्या ग्रंथात तर पूर्वग्रहाशिवाय आकलनच संभवत नाही असे दाखविले. मग गृहीतकाला दोष का द्यावा? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मान्य करावा लागेल. एखाद्या कवितेचे वाचन हे उकळत्या पाण्याच्या तापमानासारखे तपासता येत नाही. परंतु गादामरच्या विवेचनातला पूर्वग्रह हा संहितेसमोर पणाला लागणारा पूर्वग्रह आहे. संहिता त्याला विरोध करू शकते आणि त्या विरोधातूनच आकलन सरकते. रूढ आराखड्यातले गृहीतक पणाला लागत नाही. ते संहितेपुढे उभेच राहत नाही. तिच्या शेजारून चालते.

येथे न्यायदर्शनातील एका भेदाचा उपयोग होण्यासारखा आहे. नैयायिकांनी सिद्धांताचे चार प्रकार मानले आणि त्यांतला चौथा 'अभ्युपगमसिद्धांत' हा आहे : एखादी गोष्ट अपरीक्षित असतानाही, तिच्या विशेषांची परीक्षा करता यावी म्हणून तात्पुरती मान्य करणे. म्हणजे मान्य करण्यामागचा हेतू परीक्षा हाच. वाङ्मयाच्या अभ्यासकाला नेमके याच प्रकारचे विधान हवे असते. ते संख्येने सिद्ध होणार नाही. पण 'असे असेल तर संहितेत अमुक दिसले पाहिजे, आणि ते दिसले नाही तर आपले म्हणणे बदलावे लागेल' इतके बंधन ते स्वतःवर घालून घेते.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. 'हरिभाऊंच्या सामाजिक कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण : एक अभ्यास' हा विषय आजवर वेगवेगळ्या शब्दांत किती वेळा घेतला गेला असेल, हे कोणाही मार्गदर्शकाला ठाऊक आहे. या शीर्षकाखाली आराखडा लिहावयास बसलेल्या विद्यार्थ्याचे पहिले प्रकरण हरिभाऊंच्या चरित्राचे, दुसरे कादंबरीच्या स्वरूपाचे होणार, आणि गृहीतक असणार : 'हरिभाऊंनी स्त्रियांच्या दुःखाचे वास्तव चित्रण केले आहे.' या विधानाशी मतभेद असणारा वाचक शोधूनही सापडणार नाही.

आता याच परिसरात संशय कोठे आहे ते पाहावे. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी हरिभाऊंच्या 'करमणूक' या साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिची निवेदक यमू आहे. पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडी प्रथमपुरुषी आत्मनिवेदन घातले आहे. कादंबरी क्रमशः येत होती त्याच अवधीत, १८९१ च्या मार्चमध्ये, संमतिवयाचा कायदा संमत झाला आणि त्याआधीचे कित्येक महिने पुण्यात त्यावरून वादळ उठले होते. या तीन वस्तुस्थिती वाङ्मयेतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला माहीत असतात. त्या एकमेकींशेजारी ठेवल्या की एक प्रश्न उभा राहतो : वाद पेटलेला असताना छापली गेलेली प्रकरणे आणि कायदा झाल्यानंतर छापली गेलेली प्रकरणे यांत यमूचे वाचकाला उद्देशून बोलणे बदलते काय? शीर्षकातला प्रश्न ती कोणाला विचारते आहे, आणि तो 'कोण' सर्व प्रकरणांत एकच आहे काय?

हा प्रश्न खोटा ठरू शकतो. प्रकरणे तारीखवार लावून पाहिल्यावर कदाचित असे आढळेल की यमूच्या संबोधनात काहीच फरक पडत नाही. घरातल्या कोंडमाऱ्याची तिची कथा बाहेरच्या वादापासून अलिप्त राहते. तसे आढळले तर तोही एक निष्कर्ष होईल, आणि तो साधासुधा नव्हे. कारण मग समकालीन वादाचे प्रतिबिंब म्हणून कादंबरी वाचण्याच्या आपल्या सवयीविषयी विचार करावा लागेल. फरक आढळला, तर तो कोणत्या जातीचा आहे हे पाहावे लागेल : दुर्गीच्या संसाराची हकिकत सांगताना यमूचा स्वर आणि स्वतःविषयी सांगतानाचा स्वर यांत तो सारखाच आहे का? शंकरमामंजींसारख्या पात्राचे दांभिक वर्तन वर्णन करताना तिचा उपरोध कोणत्या वाचकाला समजावा अशी अपेक्षा आहे? साक्षर झालेल्या स्त्रीने लिहिलेले आत्मनिवेदन ही कल्पना १८९० च्या वाचकाने कशी स्वीकारली असेल? दोन्ही शक्यतांत विद्यार्थ्याच्या हाती स्वतःचे म्हणता येईल असे काही लागते.

या प्रश्नाला फाटा फुटू शकतो, आणि आराखडा लिहिताना त्याची जाणीव असलेली बरी. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीतली नायिकाही यमुनाच आहे, आणि तीही विधवा होते. पण ती धर्मांतर करून पुनर्विवाहापर्यंत पोचते, तर हरिभाऊंच्या यमूच्या वाट्याला सक्तीचे केशवपन येते. नावाचे साम्य हा योगायोग की संवाद, हा प्रश्न मोहक आहे. पण त्याला उत्तर देण्यासाठी निराळी साधने लागतील. दोन सत्रांच्या प्रकल्पात तो टिपणवहीत राहू द्यावा. 'व्याप्ती व मर्यादा' या सदराचे खरे काम हेच आहे. एरवी त्या सदरात 'वेळेअभावी' हा एकच शब्द निरनिराळ्या वाक्यांतून फिरत असतो.

नियोजनाचा मुद्दा येथे येतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा अधिक सैद्धांतिक आहे. वरचा प्रश्न मांडण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक गोष्ट तपासली पाहिजे : 'करमणुकी'चे ते अंक त्याला पाहावयास मिळतात काय? पुस्तकरूपातल्या आवृत्तीवरून प्रकरणांच्या तारखा समजणार नाहीत. पुण्यामुंबईच्या जुन्या ग्रंथालयांत जाऊन दोन-चार दिवस नोंदी घेणे शक्य नसेल, तर हा प्रश्न कितीही चांगला असला तरी त्या विद्यार्थ्यासाठी तो प्रश्न नाही. मग त्याच कादंबरीच्या पुस्तकरूपावर आधारलेला, निवेदनापुरता मर्यादित असा दुसरा प्रश्न घ्यावा. साधन आणि प्रश्न यांचा हा परस्परसंबंध आराखड्यापूर्वीच ठरावयास हवा. आपल्याकडे तो मंजुरीनंतर, बहुधा दुसऱ्या वर्षी, एखाद्या ग्रंथालयाच्या बंद कपाटासमोर ठरतो. ताराबाई शिंदे यांचा १८८२ चा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला नसता, तर त्यावर नंतर झालेले लेखन कशावर उभे राहिले असते, हे आठवले म्हणजे साधनांच्या शोधाला 'प्राथमिक काम' म्हणून खालच्या पायरीवर बसविण्याची आपली सवय किती अनाठायी आहे ते कळते.

शीर्षकाकडे परत यावे लागेल. रा. चिं. ढेरे यांच्या १९८४ च्या ग्रंथाचे नाव 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' असे आहे. वरवर पाहता त्याचा घाट 'अमुक : एक अभ्यास' याच्यासारखाच दिसतो. परंतु अपूर्णविरामानंतर तेथे जे आले आहे ते विधान आहे. विठ्ठल हे दैवत अनेक धारांच्या समन्वयातून घडले, असे ते म्हणते, आणि त्याला कोणी विरोध करू शकतो. 'अभ्यास' या शब्दाला कोणी विरोध करू शकत नाही. अभ्यास केला हे तर पृष्ठसंख्येवरूनच सिद्ध असते. म. वा. धोंड यांच्या 'ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी' (१९९१) या नावात विधान नाही, पण निवड आहे. ज्या ग्रंथाविषयी तत्त्वज्ञान, भक्ती आणि काव्य या तीन बाजूंनी अमाप लिहिले गेले, त्यात रोजच्या व्यवहारातले जग पाहावयाचे, असे ते नाव सांगते; आणि न सांगता हेही सुचवते की आजवर तिकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. विद्यार्थ्याकडून ढेरे किंवा धोंड यांच्या तोलाच्या कामाची अपेक्षा कोणी करणार नाही. पण विधान किंवा निवड, यांपैकी एक तरी त्याच्या शीर्षकात असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

संशोधनपद्धतीच्या सदराविषयी फार बोलण्याची गरज नाही. 'विश्लेषणात्मक, वर्णनात्मक आणि तुलनात्मक पद्धतींचा अवलंब केला जाईल' हे वाक्य सर्व आराखड्यांत असते. ते काढून टाकल्याने कोणत्याही आराखड्याचे काहीही बिघडणार नाही. पद्धत प्रश्नातून निघते. प्रश्न निवेदकाच्या संबोधनाविषयी असेल तर कथनमीमांसेची परिभाषा लागेल, अंकांच्या तारखांविषयी असेल तर नियतकालिकांच्या इतिहासाची शिस्त लागेल. संरचनावाद, देशीवाद, स्त्रीवाद यांची नावे आराखड्यात आधी लिहून मग त्यांना योग्य अशी संहिता शोधणे, हा उलटा क्रम गेल्या काही दशकांत फार बोकाळला.

प्रकरणयोजनेचेही तसेच. चरित्राचे प्रकरण प्रश्नाला आवश्यक असेल तरच यावे. 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात दगडू मारुती पवार आणि दया पवार असा निवेदकाचा दुभंग आहे. तेथे लेखकाचे चरित्र हे अभ्यासाच्या बाहेरचे पहिले प्रकरण होऊच शकत नाही, कारण चरित्र कोणाचे आणि ते कोणाला सांगितले जात आहे, हाच संहितेचा प्रश्न आहे. अशा पुस्तकावरील आराखड्यातही 'लेखकाचे जीवन व व्यक्तिमत्त्व' निमूटपणे पहिल्या क्रमांकावर येऊन बसते, तेव्हा घाटाने संहितेवर केलेली मात स्पष्ट दिसते.

प्राचीन शास्त्रग्रंथांच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत होती : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. आजच्या आराखड्यात पहिली दोन अंगे विषयाचे महत्त्व आणि उद्दिष्टे या नावांनी उरली आहेत. चौथे अंग पार गळून गेले. शास्त्रकारांच्या मनात अधिकारी म्हणजे ग्रंथ वाचण्यास पात्र असलेला. आणि या संकल्पनेत वर्णाची कुंपणे होती हे विसरता येणार नाही. ती कुंपणे टाकून देऊन संकल्पनेचा उरलेला अर्थ घेतला, तर तो उपयोगाचा आहे : हे काम याच अभ्यासकाने का करावे? तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याला एखादी बोली घरातून येते, ती विद्यापीठाच्या आवारातल्या अनेकांना येत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वात्वँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचे एक लाखाहून मोठे संकलन उभे राहिले. त्यातली आपल्या भागातली ओवी ऐकून 'आमच्याकडे हे असे म्हणत नाहीत' असे म्हणू शकणारी विद्यार्थिनी ही त्या विषयाची खरी अधिकारी आहे. तिच्या त्या एका वाक्यात संशय आहे, पूर्वपक्ष आहे आणि साधनही आहे. आराखड्याच्या साच्यात ते वाक्य घातले की त्याचे 'लोकसाहित्यातील स्त्रीगीते : एक चिकित्सक अभ्यास' होते, आणि तिला जे माहीत होते ते नाहीसे होऊन सर्वांना जे माहीत आहे ते शिल्लक राहते.

साच्याच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे म्हणता येते. वर्गात विद्यार्थी पुष्कळ, मार्गदर्शक थोडे. ठरलेला घाट दुबळ्या विद्यार्थ्याला आधार देतो आणि काम वेळेत पूर्ण होते. हा युक्तिवाद शिक्षकांच्या सोयीचा असला तरी खोटा नाही. मात्र दुबळ्या विद्यार्थ्याला जो आधार हवा असतो तो लहान प्रश्नाचा. एका कादंबरीच्या दहा प्रकरणांचे शेवट कसे होतात, एवढेच पाहावयाचे असेल तर त्याला काय वाचावे, काय टिपावे आणि केव्हा थांबावे हे कळते. 'स्त्रीचित्रण' पाहावयाचे असेल तर त्याला यांपैकी काहीच कळत नाही, आणि मग तो दुसऱ्याच्या प्रबंधाकडे वळतो. शोधगंगेवर प्रबंध सहज उपलब्ध झाल्यापासून हा मार्ग फार जवळचा झाला आहे. उसनवारीच्या प्रश्नाला तपासणीच्या संगणकीय साधनांनी उत्तर शोधले जाते. ज्या आराखड्याने उसनवारी अटळ केली, त्याची तपासणी होत नाही.

आराखडे मंजूर करणाऱ्या बैठकांत विद्यार्थ्याला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात : या विषयावर आधी काम झाले आहे काय, प्रकरणे किती, संदर्भ पुरेसे आहेत काय. 'नाही', 'पाच' आणि 'होय' ही उत्तरे पुरतात. आपले कोणते म्हणणे चूक ठरू शकते, आणि ते चूक ठरले आहे हे कोणत्या पानावरून कळेल, असा प्रश्न तेथे एकदा विचारला गेला, तर पुढच्या वर्षीचे आराखडे निराळे लिहिले जातील.